गाल सुजलाय? आधी आत काय भरलंय ते शोधा

ताई, बारा वर्षांपूर्वी गालात ‘कायमचं’ फिलर (गाल भरीव दिसावा म्हणून टोचतात ते), गेल्या महिन्यात रूट कॅनाल आणि आता त्याच बाजूला गरम, दुखरी गाठ. इतक्या वर्षांनी फिलर त्रास देईल का, असं विचारलंयत. देतं. मला फिलर टोचल्यानंतर नवव्या वर्षी दिला, तोही दाढ काढल्यावर.

‘विरघळवायचं इंजेक्शन’ घेऊ का, याचं उत्तर आत काय आहे यावर आहे. ते इंजेक्शन फक्त हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं तात्पुरतं फिलर विरघळवतं, कायमच्या फिलरवर त्याचा काही उपयोग नाही. कायमच्या फिलरपैकी पीएमएमए म्हणजे ३०-५० मायक्रॉनचे प्लॅस्टिकचे बारीक मणी. सोबतचं गाईचं कोलॅजन काही महिन्यांत जिरतं, मणी जन्मभर राहतात. अमेरिकेत २००६ मध्ये परवानगी मिळाली ती नाकापासून ओठांपर्यंतच्या सुरकुत्यांसाठी, पण टोचलं गेलं कुठेकुठे! मण्यांभोवती किंवा सिलिकॉनभोवती शरीर ग्रॅन्युलोमाची गाठ बांधतं, तेव्हा गाठीत स्टेरॉइड टोचतात.

माझ्यात निघालं तिसरं कायमचं फिलर, पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल. त्यात जवळपास सगळं पाणीच असतं, आणि जंतू (दाताच्या कामातूनही ते शिरतात) बायोफिल्मचा, म्हणजे चिकट थर करून वर्षानुवर्षं गुपचूप बसू शकतात. पहिल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी समजून स्टेरॉइड दिलं. चार दिवस सूज उतरली, मग दुप्पट होऊन आली. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली, जंतूंना मोकळं रानच मिळालं ना!

जुनी पावती, बॉक्सवरचं स्टिकर शोधा. माझ्या पावतीवर नुसतं ‘स्किन ट्रीटमेंट’ होतं, म्हणून चेहऱ्याची हाय-फ्रिक्वेन्सी सोनोग्राफी केली. जेलची काळी तळी दिसतात, सिलिकॉन असेल तर पांढरं धुकं. मात्र फिलर ओळखणारा रेडिओलॉजिस्टच गाठा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी गाठीतला द्रव कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवायला सांगा. रिपोर्ट ‘काही वाढलं नाही’ असा आला तरी संसर्ग नाहीच, असं धरू नका. बायोफिल्ममध्ये तसं होतं.

गाठ चोळू नका, शेकू नका. आणि ‘वरून थोडं नवीन भरून लेव्हल करू’ म्हणणाऱ्या पार्लरवालीला हात लावू देऊ नका. ताप आला, लाली डोळ्याकडे सरकली किंवा दिसायला फरक पडला, तर रात्रीच हॉस्पिटल गाठा.

काढण्याबद्दल: जेल छोट्या छेदातून बरंचसं पिळून निघतं. मणी आणि सिलिकॉन मांसात मुरलेले असतात, पूर्ण निघत नाहीत, आणि खोल कापलं तर चेहऱ्याच्या नर्व्हला धोका. माझं दोन बैठकांत निघालं. डाव्या गालावर खळगा राहिलाय. प्लॅस्टिक सर्जन म्हणाले, तो भरता येईल, स्वतःची चरबी घालून. अजून हो म्हटलेलं नाही.