वाचकांचे प्रश्न : रानबदके पाण्याची की गवताची?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त अमेरिकेतील उत्तर डाकोटा राज्यात राहतो. येथील सहकाऱ्यांनी मला शरद ऋतूत रानबदकांच्या शिकारीला बोलावले आहे. बदके हवी असतील तर आधी गवत राखले पाहिजे, असे ते म्हणतात. पाणपक्ष्यांचा गवताशी काय संबंध, आणि ही शिकार कशी करतात?
– एक वाचक, फार्गो

उत्तर : आपले सहकारी योग्य तेच सांगतात. हिमनद्या मागे हटताना जमिनीत जे असंख्य खळगे राहिले, त्यांत साचणाऱ्या तळ्यांचा हा प्रदेश डाकोटापासून कॅनडातील अल्बर्टापर्यंत पसरला असून उत्तर अमेरिकेतील निम्मी किंवा त्याहूनही अधिक रानबदके येथे जन्मतात. मात्र मॅलार्ड, गॅडवॉल, तलवार बदक या जाती अंडी घालतात ती कोरड्या जमिनीवर, गवतात. कधी कधी तर तळ्यापासून किलोमीटरभर दूर. मॅलार्ड आणि गॅडवॉल यांच्या माद्यांना दाट, उंच गवत लागते. तलवार बदक मात्र आखूड, विरळ गवतात किंवा आदल्या हंगामाच्या धसकटांतही घरटे करते, आणि त्यामुळेच वसंतातील नांगरणीत त्याची अंडी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. मॅलार्डची मादी सुमारे चार आठवडे अंडी उबवते. एवढ्या काळात शेतांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यातील घरटे कोल्ह्याला, रॅकूनला किंवा स्कंकला (हे तेथील अंडी खाणारे छोटे प्राणी) सहज सापडते, तर सलग विस्तीर्ण कुरणात ते वाचण्याची शक्यता वाढते.

शिकारीचा हंगाम पिल्ले उडू लागल्यानंतरचा आहे. तेव्हा बदके तळ्यांवर विसावतात आणि सकाळ-संध्याकाळ कापणी झालेल्या गव्हाच्या किंवा मक्याच्या शेतांत दाणे टिपतात. ती कोणत्या शेतात उतरतात हे आदल्या संध्याकाळी पाहून ठेवावे, शेतमालकाची परवानगी घ्यावी, आणि पहाटे तेथे नकली बदके मांडून वाऱ्याकडे पाठ करून आडोशाला दडावे. बदके वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरत असल्याने ती समोरून येतात. जात ओळखल्याखेरीज बार टाकू नये, कारण एका दिवसात किती बदके मारता येतात याची मर्यादा जातीनुसार वेगळी असते. लांबवरून नेम धरणे मला अत्यंत गैर वाटते : जखमी पक्षी उंच गवतात नाहीसा होतो आणि तडफडून मरतो. शिकवलेला कुत्रा सोबत असावाच.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर १९९१पासून अमेरिकाभर बंदी आहे, तसेच दाणे टाकून बदकांना आमिष दाखवणे गुन्हा आहे. आपण तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर वैध शिकार-परवाना मिळेपर्यंत बंदूक हाती घेऊ नये. भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदकांची शिकार करता येत नाही, त्यामुळे ही सारी माहिती तेथपुरतीच समजावी.

पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या, सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या प्रत्येकाला २५ डॉलरचे ‘डक स्टॅम्प’ हे सरकारी तिकीट घ्यावे लागते. १९३४मध्ये सुरू झालेल्या या तिकिटाच्या दर डॉलरमागे ९८ सेंट पाणथळी व कुरणे राखण्याकडे जातात. शिकार न करणाऱ्यालाही ते विकत घेता येते. आपण केवळ पाहायला गेलात, तरी ते अवश्य घ्यावे.