ठराव बहुमताचा, तरी झाड कायद्याचेच

प्रश्न : डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात इमारतीच्याही आधीपासून एक रेन ट्री आहे. पार्किंगसाठी तो काढायचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. महापालिकेची परवानगी फक्त फांद्या छाटण्याची आहे. पण ठेकेदाराने झाड जवळपास बोडके केले आणि आता बुंध्याला ड्रिलने भोके पाडलेली दिसतात. जागा सोसायटीची, ठराव बहुमताचा. मी एकटी काय करू शकते?

उत्तर : ताई, बरेच काही करू शकता, पण वेळ दवडू नका. जागा सोसायटीची असली तरी झाड मनाला येईल तेव्हा काढायचा हक्क तिला मिळत नाही. तुमच्या शहराला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. खासगी आवारातले झाड तोडायचे तरी कलम 8 प्रमाणे आधी परवानगी लागते. सभेचा ठराव फार तर अर्ज करण्यापुरता उपयोगी. तो परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

समितीतले लोक बहुधा म्हणतील, 'आम्ही झाड तोडलेच कुठे?' या कायद्यातल्या 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे, हे सगळे येते. त्यामुळे बुंध्यातली ती भोकेच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहेत. मोजपट्टी शेजारी धरून प्रत्येक भोकाचे जवळून फोटो काढा. कडेला पडलेला ताजा भुसा, ओघळाचे डाग, उग्र वास, सगळे तारीख-वेळेसह टिपून ठेवा. आत काही ओतले असावे असा संशय असेल तर हात लावू नका. पंचनाम्यात नमुना घ्यावा, अशी लेखी मागणी करा.

आजच महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तशीच तक्रार पोलीस ठाण्यातही द्या. छाटणीच्या परवानगीची प्रत समितीकडे मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. कोणत्या फांद्या, किती, हे परवानगीत पाहिले की ठेकेदाराने मर्यादा कुठे ओलांडली ते कळेल. पुढे तोडण्याचा अर्ज झालाच, तर वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावावी लागते. तिच्या मुदतीत हरकत नोंदवा, एक दिवसही उशीर नको.

झाडाचे वयही महत्त्वाचे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आणि जादा संरक्षण मिळाले आहे. इमारतीच्या जुन्या नकाशात झाड दाखवलेले आहे का, कोणाच्या जुन्या फोटोत दिसते का, ते शोधा. महापालिकेच्या वृक्षगणनेतली नोंदही मागवा.

फांद्यांवर बगळ्यांची घरटी असतील तर वन विभागालाही कळवा. वन्य पक्ष्यांची घरटी वा अंडी मोडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली वेगळा गुन्हा ठरू शकतो.

ठरावाला आव्हान द्यायचे तर सहकार न्यायालयाचा मार्ग आहे, पण तो दुसऱ्या टप्प्यावर. महापालिकेने तक्रार दाबून ठेवली तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तेव्हा पोच असलेली तक्रार आणि फोटो हाच तुमचा आधार असेल. आणि तक्रारीत फक्त कारवाई मागू नका. उद्यान विभागाने झाडाची तातडीने पाहणी करून ते वाचवायचे उपचार सुरू करावेत, हेही स्पष्ट लिहा. वर पालवी फुटत असेल तर झाड अजून वाचू शकते.