बोटांत बसेल ती बाहुली

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांबरोबर घरी बाहुल्या करा आणि काही अडलं तर मला लिहा, असं मागच्या अंकात मी म्हटलं होतं. बरीच पत्रं आली. मिरजेच्या एका बालवाडीत मी ३१ वर्षं मुलांबरोबर बाहुल्या केल्या, त्यामुळे इथे जे सांगते आहे ते हाताने करून पाहिलेलं आहे. सगळ्या पत्रांना इथे जागा पुरणार नाही. ज्या अडचणी बहुतेकांनी लिहिल्या, त्या घेते.

ताई, सात वर्षांच्या लेकीबरोबर मोज्याची बाहुली केली. डोळे, जीभ, सगळं फेविकॉलने चिकटवलं. दुसऱ्या दिवशी खेळायला घेतली तर सगळं सुटून आलं. तोंडही बोलल्यासारखं उघडत नाही, नुसता मोजा वळवळतो. लेक फार हिरमुसली. आमचं काय चुकलं?
– एक आई, डोंबिवली

मोजा ताणतो आणि वाळलेला फेविकॉल ताणत नाही, एवढंच झालं आहे. हात आत गेला की वीण रुंदावते आणि फेविकॉलचा पापुद्रा तसाच्या तसा सुटतो. मोज्यावर काहीही लावायचं तर ते टाक्यानेच लावा. सात वर्षांची मुलगी मोठ्या नाकाची सुई नीट चालवते. पहिले चार टाके तुमच्या मांडीला मांडी लावून घालू द्या, पुढे ती तुम्हाला हात लावू देणार नाही. डोळ्यांना जुन्या शर्टाची बटणं छान दिसतात. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मात्र बटण नको, काळ्या लोकरीचे जाड टाके भरून डोळा करा.

तोंडाला आधार हवा. एखाद्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा लेकीच्या तळहाताएवढा लांबट गोल कापा आणि मधोमध दुमडा. त्याच्या आतल्या बाजूला लाल कापड चिकटवा. इथे फेविकॉल चालतो, कारण पुठ्ठाही ताणत नाही आणि सुती कापडही. मग मोज्याची पुढची शिवण उसवा, दोन्ही कडांना थोडी चीर द्या आणि त्या कडा पुठ्ठ्याच्या काठाला धावदोऱ्याने शिवून टाका. वरच्या जबड्यात चार बोटं, खालच्यात अंगठा.

आता बोलणं. आरशासमोर बसा. आपण बहुतेक जण बोलताना वरची चार बोटं उचलतो, त्यामुळे दर शब्दाला बाहुली आढ्याकडे बघते. वरची बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली सोडायचा. 'आजोबा' म्हणताना तोंड तीनदा उघडलं पाहिजे, 'पाऊस' म्हणताना दोनदा. आवाज निघतो त्या क्षणी तोंड उघडायचं. पुष्कळ जण त्याच क्षणी ते मिटतात आणि बाहुली शब्द गिळते आहे असं वाटतं. दोन दिवस रोज पाच मिनिटं हे केलंत तर जीभ नसली तरी चालेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वर्गात ३८ मुलं आहेत. साहित्याला पैसे नाहीत. प्रत्येकाच्या हातात स्वतःची बाहुली येईल असं काही सुचवा.
– जत तालुका

गुरुजी, पाकिटाची बाहुली करा. लग्नसराई नुकतीच सरली आहे, गावातल्या घरांत पत्रिकांची पाकिटं पडून असतील. मुलांनाच गोळा करायला सांगा. लांबट पाकिट घ्यायचं, त्याचं झाकण चिकटवून बंद करायचं आणि मधोमध आडवी घडी घालायची. घडी उलगडून, घडीच्या रेषेवर पाकिटाचा एकच थर कापायचा. दुसरा थर अखंड राहिला पाहिजे. मग उलट बाजूला दुमडायचं, म्हणजे कापलेली फट मागे येते आणि न कापलेला थर तोंडाच्या आत जातो. वरच्या कप्प्यात चार बोटं, खालच्यात अंगठा, झालं तोंड. पहिलीदुसरीच्या मुलांना एकच थर कापणं जमत नाही. तिथे थर चिमटीत धरून तुम्ही बारीक छेद द्या, पुढचं ती कापतील.

डोळ्यांना टिकल्या. पाकिटावर त्या पक्क्या बसतात. केसांना नारळाच्या शेंड्या किंवा गोणीचं सुतळीकाम उसवून. रंग असले तर उत्तम, नसले तर कोळसा आणि हळद आहेच.

पण माझं एक ऐका. तोंड तयार झालं की लगेच रंगवायला बसवू नका. आधी पाच मिनिटं बोलू द्या. रिकामं, बिनडोळ्यांचं पाकिट शेजारच्या पाकिटाशी बोलतं, भांडतं, डबा खातं. ते बोललं की मुलाला कळतं हा कोण आहे. मग तो बैल होतो, कंडक्टर होतो, चिडकी मावशी होते, आणि रंग त्याप्रमाणे येतात.

हे मला फार उशिरा समजलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही पालकसभेसाठी बाहुल्या करायचो. ४० मुलं, ४० सारख्याच बाहुल्या. डोळे मी काढून दिलेले, मिश्या मी कापून दिलेल्या. सुंदर दिसायच्या. भिंतीवर दोरी बांधून ओळीने टांगल्या, पालकांनी कौतुक केलं. एक मुलगा रोज त्या दोरीखाली येऊन उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "बाई, माझी खाली कधी येणार?" मी त्याच दिवशी सगळ्या उतरवल्या. आठवड्याभरात निम्म्या फाटल्या आणि त्या आठवड्यात माझ्या वर्गातली न बोलणारी तीन मुलं बोलली. तेव्हापासून मी एकही बाहुली टांगली नाही.

तेव्हा गुरुजी, तुमच्याकडे साहेब येणार असतील, फोटो काढायचे असतील, तर ते खेळत असताना काढा.

नऊ वर्षांच्या मुलाला ग्लू गन द्यावी का? सगळं पटकन चिकटतं.
– कोल्हापूर

नको. वितळलेला गोंद कातडीला चिकटून बसतो आणि झटकला तरी सुटत नाही. गन तुमच्या हातात ठेवा, नाहीतर मुलाला सुईदोरा द्या.

माझा पाच वर्षांचा नातू न्यू जर्सीत असतो. मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत कंटाळून पळतो. बाहुलीचा काही उपयोग होईल का?
– एक आजी, सांगली

आजी, होईल. फक्त बाहुलीला मास्तरीण करू नका. "याला काय म्हणतात सांग बरं?" असं विचारणारी बाहुली नातवाला पहिल्याच दिवशी ओळखू येईल आणि तो पळेल.

बाहुली अशी हवी की तिला नातवापेक्षा कमी कळतं. तिला मराठी सोडून दुसरी भाषा येतच नाही, आणि तिकडचं जगही ठाऊक नाही. नातू 'स्नो' म्हणाला की ती म्हणेल, "काय? सुनो? मी ऐकतेच आहे की!" तो हसेल आणि तिला समजावून सांगायला लागेल. समजावताना त्याला मराठी शब्द शोधावे लागतात. तो अडला तर तुम्ही तुमच्या आवाजात हळूच शब्द पुरवा. बाहुलीने पुरवू नये.

तिला स्वतःची मतंही हवीत. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव तुम्ही पाहिला असेलच. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्यापासून तो त्या घरात आहे. लहानपणी आम्ही त्याच्याकडे डोळे लावून बसायचो ते त्याचं तोंड हलतं म्हणून नव्हे, तर तो पाध्यांचं काही मुकाट्याने ऐकून घेत नाही म्हणून. तुमची बाहुलीसुद्धा तुमच्याशी थोडी भांडू दे. "आजीने मला कारल्याची भाजी दिली, तूच सांग हिला काहीतरी!" नातू एक तर तिची बाजू घेईल, नाहीतर तुमची. दोन्हींत बोलावं लागतं.

बाहुली साधीच करा. जुन्या खणाच्या चोळीचं कापड असेल तर फार चांगलं, ते ताणत नाही आणि पडद्यावर काठ उठून दिसतो. दिवा तुमच्या पाठीमागे नको, समोर हवा. बाहुलीचे डोळे मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे असू द्या, पडद्याकडे नव्हे, म्हणजे ती नातवाकडेच बघते आहे असं त्याला दिसेल. तुमचा चेहराही शेजारी दिसू द्या, आवाज लपवायची काही गरज नाही. मुलाला ठाऊक असतं की बोलते आहे ती आजीच, तरी तो उत्तर बाहुलीलाच देतो. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. कॉलवर आवाज उशिरा पोचतो, आणि शब्द शोधायलाही त्याला वेळ लागतो.

शनिवारी त्यांच्याकडे सकाळचे नऊ वाजले की उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात. ही वेळ दोघांना बरी पडेल. तीनचार वेळा झालं की बाहुलीकडूनच म्हणवून घ्या, "मला एकटीला करमत नाही." तो त्याच्या आईकडे मोजा मागेल.

कागदाच्या लगद्याची डोकी केली होती. पावसाळ्यात बुरशी आली आणि झुरळांनी कुरतडली. सासूबाई म्हणतात, पूर्वी खळीत मोरचूद घालायचे. घालू का?
– चिपळूण

सासूबाईंचं खरं आहे. पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, घालत. पण मोरचूद विषारी आहे आणि मुलं खळीची बोटं हमखास तोंडात घालतात. मुलांच्या कामात ते अजिबात नको.

त्याऐवजी मेथी घाला. आपल्याकडे बायका कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करत, त्यात मेथी वाटून घालत. चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीड लांब राहते. वाटीभर मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि उतरवल्यावर चमचाभर मेथीपूड घाला. एका वर्षी घाईत मी मेथी विसरले. जुलैत कपाट उघडलं तर सहा डोक्यांची नाकं नव्हती. मुलं रडली, आणि त्यांना सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

बुरशीचं कारण मात्र वेगळं आहे. तुम्ही बहुधा वर्तमानपत्राचा भरीव गोळा करून त्यावर पट्ट्या चिकटवल्या असणार. वरून खडखडीत वाळतं, आतला गोळा ओला राहतो. डोकं पोकळ करा. मोसंबीएवढ्या जुन्या प्लॅस्टिकच्या चेंडूला खोबरेल तेल चोपडा, त्यावर पट्ट्यांचे पाच थर द्या. पट्ट्या कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड एकमेकींत मिसळते आणि गाल गुळगुळीत होतो. एक थर पांढऱ्या वर्तमानपत्राचा आणि एक गुलाबी कागदाच्या आर्थिक वर्तमानपत्राचा दिला की कुठे थर राहिला ते मुलांना आपसूक दिसतं. तीन थर झाले की पूर्ण वाळू द्या, मग उरलेले दोन. वाळल्यावर मधोमध कापून चेंडू काढा आणि दोन्ही वाट्या पुन्हा पट्ट्यांनी जोडा.

मानेला पोस्टकार्डाची नळी लागते. ती मुलाच्या तर्जनीभोवती गुंडाळून करा, तुमच्या नव्हे. अंगरख्याचंही तसंच. मुलाचा हात कापडावर ठेवा, तर्जनी वर, अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंना ताणून, आणि त्याच्या बाहेर दोन बोटं जागा सोडून खडूने रेघ मारा. मोठ्यांच्या मापाच्या बाहुलीत मुलाचा हात बुडतो, डोकं एका बाजूला कलतं आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

आणि चिपळूणच्या पावसात जून ते ऑगस्ट लगदा करूच नका. तेवढे दिवस चिंध्यांची डोकी करा.

पिंगुळीला बाहुल्यांचा खेळ बघून आलो. तेव्हापासून दहा वर्षांच्या मुलाला दोऱ्यांचीच बाहुली हवी आहे. दोनदा केली. दोन्ही वेळा दोऱ्यांचं गाठोडं झालं.
– एक बाबा, पुणे

कुडाळजवळचं पिंगुळी मुलाला दाखवलंत, फार चांगलं केलंत. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी या तिन्ही कला जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. त्या हातांमागे पिढ्यांचा सराव आहे, तेव्हा तशी बाहुली पहिल्या महिन्यात साधली नाही तर मुलाला तसं सरळ सांगा.

सुरुवातीला राजस्थानी कठपुतळीची रीत धरा. तिला पाय नसतात, लांब घागरा असतो, आणि दोरे मोजकेच. चिंध्यांचं डोकं, जुन्या ओढणीचा घागरा, कापसाने भरलेल्या बाह्या. दोन्ही तळव्यांत चारचार चिंचोके शिवा, म्हणजे हात वजनाने खाली येतात. हलका हात दोरीबरोबर भलतीकडे जातो. एक दोरा डोक्याच्या टोकापासून निघून कमरेला मागच्या बाजूला बांधायचा, मध्ये त्याचा फास मुलाच्या हातावरून जातो. दुसरा दोरा एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत. बस. पहिल्या दोऱ्याची कमरेकडची बाजू वर ओढली की बाहुली वाकून नमस्कार करते. हा नमस्कार जमला की मुलगा रात्री जेवायला येणार नाही.

मांजा घेऊ नका, बोटं कापतात. शिवणाचा दोरा पीळ धरतो. गोधडीचा जाड दोरा घ्या आणि त्यावर दोनदा मेणबत्ती घासा, मग तो गुंतत नाही. डोक्याचा दोरा काळा ठेवा आणि हातांचा लाल, म्हणजे कुठला ओढायचा ते बघून कळेल. लांबी मुलगा कोपर वाकवून उभा राहिला की घागरा जमिनीला टेकेल इतकी.

तुमची गाठोडी बहुधा खेळताना झालेली नाहीत, ठेवताना झाली आहेत. खेळ संपला की दोन्ही फास एकत्र धरायचे, बाहुलीला तीनचार गिरक्या देऊन दोऱ्यांना एकत्र पीळ घालायचा, तो पीळ एका पुठ्ठ्यावर गुंडाळायचा आणि बाहुली खुंटीवर न टांगता मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर आडवी ठेवायची. काढताना उलट्या गिरक्या दिल्या की दोरे मोकळे.