जुन्या बीएसए बी-३१ या ब्रिटिश मोटारसायकलचं काम संपत आलंय, पण शेवटचे पार्ट बसतच नाहीत. योग्य पार्ट ओळखायचे आणि शोधायचे कसे?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: इंजिन झालं, रंग झाला, चाकं विणून झाली, आणि आता गाडी कार्ब्युरेटर, डायनमो, स्पीडोमीटर नि मूठभर नट-बोल्टांवर अडली आहे. 'बी-३१चा' म्हणून मागवलेला माल दोनदा आला आणि दोन्ही वेळा बसला नाही.

विकणाऱ्यांनी फसवलंच असेल असं नाही. बी-३१ हे नाव १९४५ पासून १९५९ पर्यंत चाललं आणि तेवढ्या काळात त्या नावाखालची गाडी बरीच बदलली. सुरुवातीच्या फ्रेमला मागे सस्पेन्शनच नव्हतं. १९४९ पासून प्लंजर, म्हणजे मागच्या चाकाचा आस वर-खाली सरकू देणारं स्प्रिंगचं सस्पेन्शन, मिळू लागला, १९५४ला स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा वर-खाली झुलणारा हात, आला. १९५५च्या मॉडेलपासून अमाल कंपनीचा मोनोब्लॉक कार्ब्युरेटर, १९५६ला पूर्ण रुंदीचे हब, आणि १९५८ला मॅगडायनो (ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि वीज बनवणारा डायनमो यांची जोडी) जाऊन अल्टरनेटर नि कॉइल इग्निशन. ३४८ सीसीचं सिंगल, म्हणजे एकाच सिलिंडरचं, इंजिन तेवढं मूळचं राहिलं. त्यामुळे नुसतं 'बी-३१चा पार्ट' म्हणून काही मागवलं तर ते बसेलच याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की शोधाशोध काही दिवस थांबवा आणि आधी ओळख पक्की करा. शेवटच्या टप्प्यात गाड्या वर्षानुवर्षं पडून राहतात. पार्ट दुर्मीळ आहेत असं सगळे म्हणतात, पण बहुतेकदा नेमका कोणता पार्ट हवा हेच ठरलेलं नसतं.

सुरुवात इंजिन नंबर आणि फ्रेम नंबरापासून करा. इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या बुडाखाली असतो. रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा, तिथे तारेचा ब्रश किंवा सँडपेपर अजिबात लावू नका. दोन्ही नंबर अक्षरांसकट, मधल्या रेघा-टिंबांसकट जसेच्या तसे उतरवून घ्या, कारण मॉडेल आणि वर्ष त्या सुरुवातीच्या अक्षरांवरूनच कळतं. कागदपत्रांवरचं वर्ष बाजूला ठेवा. ब्रिटिश कारखान्यांचं मॉडेल वर्ष आदल्या शरद ऋतूतच सुरू व्हायचं, शिवाय गाडी दुकानात पडून राहून उशिरा नोंदवली जायची. आणखी एक गोष्ट: पन्नासच्या दशकातल्या बीएसएचे इंजिन आणि फ्रेमचे नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे यायचे. दोन्ही आकडे सारखे नाहीत म्हणून घाबरू नका, आणि कुणी 'नंबर मॅचिंग' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. मूळची जोडी कोणती होती ते कारखान्याच्या रवानगीच्या नोंदींवरून कळतं. ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात अशा जुन्या नोंदी जपलेल्या आहेत, तिथे विचारता येतं. घासून काढलेल्या नंबराची फ्रेम किंवा क्रँककेस मात्र कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका.

वर्ष ठरलं की त्या वर्षाचं पार्ट्स बुक मिळवा. सर्व्हिस मॅन्युअल वेगळं, पार्ट्स बुक वेगळं. तुम्हाला हवं आहे ते दुसरं, ज्यात प्रत्येक वॉशरचंही चित्र आणि नंबर असतो. बीएसएचे नंबर दोन आकडी गटाने सुरू होतात. ६५ने सुरू होणारे बरेचसे सिंगल इंजिनच्या गाड्यांचे, ६७ने सुरू होणारे मुख्यतः ए-७ आणि ए-१० या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरांच्या, गाड्यांचे. पण कारखाना काटकसरी होता आणि एकच पार्ट अनेक मॉडेलांना लावायचा. तुमच्या गाडीचा मोठा भाऊ बी-३३, म्हणजे ४९९ सीसीची गाडी, इंजिनचा वरचा भाग सोडला तर बरीचशी तीच आहे. फोर्क, हब, गिअरबॉक्सचे कितीतरी पार्ट ट्विन गाड्यांवरही सापडतात. म्हणून शोध मॉडेलच्या नावाने घेऊ नका, पार्ट नंबराने घ्या. 'बी-३१ ब्रेक पेडल' शोधून जे दिसत नाही ते ए-१०च्या ढिगात पडलेलं असतं, कारण विकणाऱ्याने ते त्याच गाडीवरून काढलेलं असतं. नंबर लिहायच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत: कुणी मधे रेघ देतो, कुणी तिरकी रेघ, कुणी सलग लिहितो. तिन्ही तऱ्हांनी शोधून बघा.

आता तुमच्या अडलेल्या वस्तूंकडे येऊ.

कार्ब्युरेटर. गाडी १९५४ किंवा आधीची असेल तर अमालचा २७६ हवा, ज्याची फ्लोटची वाटी वेगळी, बाजूला लटकणारी असते. १९५५ किंवा नंतरची असेल तर ३७६ मोनोब्लॉक, ज्यात फ्लोट मुख्य अंगातच आहे. बॉडीवर हा आकडा ठोकलेला असतो आणि त्याच्या पुढे अक्षरं किंवा आणखी आकडे असतात. कार्ब्युरेटर कोणत्या गाडीसाठी बांधला गेला ते त्या पुढच्या भागावरून कळतं, म्हणून 'अमाल २७६' एवढ्यावर समाधान मानू नका. आत काय आहे तेही वाचा. मेन जेटवरचा आकडा म्हणजे त्यातून मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं ते. स्लाइडवरचा शेवटचा आकडा म्हणजे पुढचा कट किती सोळांश इंचांचा आहे ते: ४ लिहिलं असेल तर चार सोळांश, म्हणजे पाव इंच. वापरलेला कार्ब्युरेटर हातात घेतलात की स्लाइड आत घाला, अर्धी उघडा आणि बोटाने पुढे-मागे हलवा. खुळखुळत असेल तर बॉडी झिजली आहे, आणि मग जेट कितीही बदला, गाडी आयडलला स्थिर राहणार नाही. बॉडीत नवा स्लीव्ह बसवून ही झीज भरून काढता येते. मग फ्लँजवर, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या सपाट कडेवर, सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे धरा. नट जोरात आवळून फ्लँज वाकलेला असतो आणि पट्टीखालून मधोमध उजेडाची फट दिसते. तिथून हवा शिरते. हे काचेवर सँडपेपर ठेवून घासून सपाट करता येतं, त्यासाठी कार्ब्युरेटर बाद करू नका.

डायनमो. तो लुकास या कंपनीचा असतो, आणि लुकासच्या वस्तूंवर मॉडेल, पार्ट नंबर आणि बनल्याचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. बऱ्याचदा ते रंगाखाली किंवा पट्ट्याखाली लपलेलं असतं. पट्टा सोडवा, थिनरच्या बोळ्याने रंग हलके हलके उतरवा आणि तिरक्या उजेडात बघा. ई-३-एल हा ६० वॅटचा डायनमो आधीच्या डायनमोंपेक्षा लांब आहे, त्यामुळे फोटोत सारखे दिसले तरी मापं विचारल्याशिवाय मागवू नका. व्होल्टेज रेग्युलेटर त्याच्याच जोडीचा हवा. फिरण्याची दिशा तपासा. अंगावरची तारीख तुमच्या गाडीच्या थोडी आधीची निघाली तर उत्तमच.

इथे एक मत ठामपणे सांगतो. न वापरलेला जुना साठा, म्हणजे कारखान्याच्या खोक्यातला नवाकोरा माल, दिसला की भल्याभल्यांचा तोल जातो. धातूच्या वस्तूंसाठी हे ठीक आहे. गिअर, स्पिंडल, कॅम जुन्या साठ्यातले मिळाले तर डोळे झाकून घ्या. पण रबर, ऑइल सील, ट्यूब, टायर, कंडेन्सर आणि वायर यांपैकी काहीही जुन्या साठ्यातलं घेऊ नका. खोक्यात पडून रबर दगड होतं. मॅग्नेटोचा कंडेन्सर न वापरताही मरतो, आणि मग गाडी थंड असताना एका किकमध्ये चालू होते, तापली की बंद पडते आणि पुन्हा थंड होईपर्यंत दाद देत नाही. त्यातल्या जुन्या आर्मेचरवरचं (फिरणाऱ्या गुंडाळीवरचं) शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप, उष्णतेने चिकट होऊन आत घासायला लागतं. मॅग्नेटो उघडला असेल तर आजच्या घडणीचा कंडेन्सरच बसवा. ब्रेक शूजच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. नवी लायनिंग लावून घ्या आणि ड्रममधली जुनी धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नट-बोल्टांबद्दल सविस्तर लिहितो, कारण गाड्यांचं सर्वात जास्त नुकसान इथे होतं. तुमच्या गाडीवर एकाच वेळी तीन जातींचे आटे आहेत. फ्रेम, स्पिंडल आणि बहुतेक स्टड सायकल आट्यांचे, म्हणजे सीईआय, बहुतांशी इंचाला २६ आटे आणि ६० अंशांचा कोन. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये शिरणाऱ्या टोकांना जाड व्हिटवर्थ, ५५ अंशांचा. काही ठिकाणी बीएसएफ, म्हणजे बारीक ब्रिटिश आटे, तेही ५५ अंशांचे. ५/१६ इंचाचा बोल्ट घेतला तर सीईआयमध्ये २६ आटे, बीएसएफमध्ये २२ आणि नंतरच्या यूएनएफमध्ये २४. यूएनएफचा नट सीईआयच्या स्टडवर हाताने दीड-दोन आटे छान चढतो आणि मग अडतो. त्या क्षणी पाना लावला की स्टड गेला. पाव इंचात तर फसगत आणखी सोपी आहे: तिथे बीएसएफ आणि सीईआय दोन्हींना इंचाला २६च आटे आहेत, फरक फक्त कोनाचा. नट शेवटपर्यंत जातो, पण पकड धरत नाही आणि कंपनाने सैल होतो. म्हणून पिच गेज (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या) आणि व्हर्निअर विकत घ्या, काढलेला प्रत्येक बोल्ट मोजा आणि वहीत उतरवा. नट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, हीच खरी परीक्षा.

स्टेनलेस स्टीलच्या नट-बोल्टांचा मोह मडगार्ड आणि नंबरप्लेटपुरता ठेवा. चाकाचं स्पिंडल, ब्रेकची अँकर, इंजिन धरणारे स्टड इथे मूळच्या ताकदीचं हाय टेन्साइल स्टीलच हवं. नेहमीचं स्टेनलेस तेवढं मजबूत नसतं, आणि ॲल्युमिनियममध्ये ते गंजाने धरून बसतं.

बेअरिंग मोटारसायकलवाल्यांकडे शोधू नका. कड्यावर नंबर कोरलेला असतो. तो आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी एवढं घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. तुमच्या गाडीत बरीच बेअरिंग इंचाच्या मापाची आहेत, तिथे मिलिमीटरचं 'जवळपास' बसणारं स्वीकारू नका. ऑइल सीलचंही असंच, तीन मापं पुरतात.

बुश, स्पेसर, पिन, लिव्हरच्या खिळी असल्या गोष्टी सापडत नसतील तर करून घ्या. चांगला लेथवाला हे काम सहज करतो, पण त्याला मापासोबत वस्तू काय काम करते तेही सांगा, म्हणजे तो योग्य धातू निवडेल. आणि म्हणूनच जुना, तुटका, झिजलेला मूळ पार्ट कधीही भंगारात टाकू नका. आजच्या नकली पार्टपेक्षा दुरुस्त केलेला मूळ पार्ट मला नेहमी सरस वाटत आला आहे. तो बसतो, कारण तो तिथलाच आहे. दुरुस्त झाला नाही तरी नमुना म्हणून त्याची किंमत मोठी आहे. नवे नकली मडगार्ड, स्टे, पॅनेल घ्यावेच लागले तर भोकं जुळत नाहीत असं गृहीत धरा आणि क्रोम किंवा रंगाला देण्याआधी गाडीवर लावून बघा. तुमची फ्रेम रंगवून झाली आहे, तेव्हा असं लावून बघताना नळ्यांना जाड कापड गुंडाळा.

विकणाऱ्याला किंवा मालक-क्लबात विचारताना पार्ट नंबर, मॉडेल वर्ष आणि पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो द्या. समोरूनही तेच मागा: ठोकलेल्या अक्षरांचा जवळून फोटो, दोन्ही टोकांचे फोटो, आट्यांचा फोटो. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर कानांच्या, म्हणजे बोल्ट बसायच्या भोकांच्या, मुळाशी तडा किंवा वेल्डिंगची खूण आहे का ते नीट बघा.

राहिला स्पीडोमीटर. स्मिथ्स कंपनीचा क्रोनोमेट्रिक असेल तर त्याचा काटा सरकत नाही, ठरावीक लयीत लहान लहान उड्या मारतो. ते त्याचं घड्याळी यंत्र आहे, बिघाड समजू नका. डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात कोड असतो. डायल हुबेहूब सारखी असलेल्या दोन मीटरांच्या आतल्या गिअरचं प्रमाण वेगळं असू शकतं, आणि मग वेग आणि मैल दोन्ही चुकतात. म्हणून कोड जुळवा, चेहरा नव्हे. केबल गिअरबॉक्समधून निघत असेल तर पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दातही पार्ट्स बुकशी ताडून पहा. केबलची लांबी मात्र अगदी शेवटी, हँडल, टाकी नि हेडलाइट बसल्यावर, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मोजा.