राज्याचं सर्टिफिकेट आलं, म्हणजे टॅक्स माफ झाला का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इथे अमेरिकेत सात-आठ कुटुंबं मिळून गरजू मुलांच्या शिक्षणासाठी पैसे जमवतो. गेल्या वर्षी राज्याकडे नॉनप्रॉफिट कॉर्पोरेशन म्हणून नोंदणी केली, सर्टिफिकेटपण आलं. आता देणगी देणारे विचारतायत की टॅक्समध्ये सूट मिळेल ना? कुणी म्हणतं छोटा फॉर्म भरा, पाच मिनिटांचं काम आहे. खरंय का?

उत्तर : नाही हो, इथेच खूप जण अडकतात. राज्याने फक्त संस्था म्हणून नोंद केली, फेडरल टॅक्समधली सूट आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय कर खातं देतं, कर कायद्यातल्या धर्मादाय संस्थांच्या ५०१(सी)(३) कलमाखाली, त्याचा अर्ज वेगळा. वर्षच झालंय ना, मग वेळ आहे, कारण संस्था स्थापन झाली त्या महिन्याच्या अखेरीपासून २७ महिन्यांत अर्ज गेला तर मान्यता पहिल्या दिवसापासून धरतात.

पण फॉर्म उघडण्याआधी तुमचे आर्टिकल्स ऑफ इन्कॉर्पोरेशन, म्हणजे नोंदणीवेळी राज्याकडे दिलेली स्थापनेची कागदपत्रं, काढून नीट वाचा, प्लीज. संस्थेचा हेतू धर्मादाय आहे आणि उद्या संस्था बंद पडली तर उरलेले पैसे तशाच कामाला जातील, सभासदांना वाटले जाणार नाहीत, या दोन गोष्टी त्यात हव्यातच. नसतील तर आधी राज्याकडे दुरुस्ती करा. ईआयएन, म्हणजे संस्थेचा टॅक्ससाठीचा ओळख नंबर, अजून काढला नसेल तर तोही लागतो.

छोटा फॉर्म म्हणजे १०२३-ईझेड, फी २७५ डॉलर. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या वर गेलेली नसेल, पुढच्या तीन वर्षांतही जाणार नसेल आणि मालमत्ता अडीच लाख डॉलरच्या आत असेल तरच तो चालतो, स्वतःची शाळा चालवत असाल तर नाहीच. नाहीतर मोठा १०२३, फी ६०० डॉलर. दोन्ही ऑनलाइनच भरायचे.

आणि एक, कुणी म्हणालं की "हे पैसे माझ्या पुतण्याच्या फीसाठी द्या" तर सरळ नाही म्हणा, कितीही जवळचा माणूस असला तरी. एका ठरावीक माणसासाठी दिलेले पैसे धर्मादाय देणगी धरत नाहीत. मुलं कोण निवडायची, कशावरून निवडायची ते संस्थेनेच ठरवायचं आणि लिहूनही ठेवायचं. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पोचपावती द्या.

मान्यता आली की फाइल कपाटात ठेवून विसरू नका, दरवर्षी रिटर्न भरावंच लागतं. छोट्या संस्थेला ९९०-एन हे छोटं रिटर्न पुरतं, पण सलग तीन वर्षं चुकलं की मान्यता आपोआप रद्द होते. अर्ज अजून पेंडिंग असला तरी त्या वर्षाचं रिटर्न चुकवू नका.