भाच्याला ११८(२) मध्ये अटक झाली आहे, जामिनाचं काय करायचं?

ताई, तुमच्या लिहिण्यावरून कळलं ते असं: हाणामारीच्या गुन्ह्यात भाच्याला अटक झाली, कलम भारतीय न्याय संहितेचं ११८(२), म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, लागलंय, सध्या तो पीसीत (पोलीस कोठडीत) आहे आणि वकील 'आत्ता अर्ज नको' म्हणतायत, म्हणून तुम्हाला टाळाटाळीचा संशय येतोय.

वकिलांचं बरोबर आहे. पीसी चालू असताना अर्ज टाकला तरी 'तपास सुरू आहे' म्हटलं की तो तसाच पडून राहतो. पीसी संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की लगेच अर्ज टाकायचा. मग तपास अधिकाऱ्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतात, त्यात काही दिवस जातातच. या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्यामुळे खालचं कोर्ट बऱ्याचदा हात आखडता घेतं. तिथे अर्ज फेटाळला तरी खचू नका, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४८३ खाली सत्र न्यायालयात जाता येतं.

तोवर एफआयआरची प्रत मिळवा आणि नीट वाचा. हत्यार कुणाच्या हातात होतं? भाच्याने मारलं असं लिहिलंय, की नुसतं 'सोबत होता' असं? जखमीच्या मेडिकलमध्ये हाड मोडल्याचं आहे का? दुखापत कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'गंभीर' ठरत नसेल तर ११८(२) च लटकं पडतं, आणि वकिलाचा निम्मा युक्तिवाद तिथेच होतो.

आता ज्याकडे नातेवाईक हमखास दुर्लक्ष करतात ते. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला असं नाही. जामीनदार आजच ठरवा. सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक, शिवाय आधार, रेशनकार्ड, फोटो, सगळं मूळ कागदांसह. आधी कुणाकुणाला जामीन राहिलाय हे त्याला कोर्टात लिहून द्यावं लागतं, तेव्हा जामीनदार होणाऱ्या चुलतभावाने गावात दोघातिघांना सोडवलं असेल तर वकिलाला आधीच सांगा. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार नकोतच. त्यांचे कागद खोटे निघाले तर नवीन गुन्हा गळ्यात. जामीनदाराची जुळवाजुळव होत नसेल तर सध्या रोख जामीन आणि जामीनदार द्यायला काही आठवड्यांची मुदत, अशी विनंती अर्जातच करायला सांगा. मुंबईत तर ती सर्रास होते.

शुक्रवारी दुपारी ऑर्डर झाली तर जास्तच धावपळ करा. २०२१ च्या त्या गाजलेल्या क्रूझ प्रकरणात हायकोर्टाने जामीन दिल्यावरही सुटकेचे कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत (सुटकेचे कागद टाकायच्या पेटीत) पडले नाहीत, आणि आरोपीला आणखी एक रात्र आत काढावी लागली. तिथे तर वकिलांची फौज होती!

जखमीच्या घरी किंवा दवाखान्यात 'मिटवून घेऊ' म्हणत कुणीही जायचं नाही, मामांनासुद्धा आवरा. साक्षीदारावर दबाव आणला असं सरकारी वकील लगेच म्हणतील. 'साहेबांशी बोलून मॅनेज करतो' म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि अटकेनंतर पहिल्या रिमांडपासूनचे दिवस कॅलेंडरवर मोजत राहा: या कलमात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण ते दाखल व्हायच्या आत अर्ज करावा लागतो.