दूरस्थ बैठकीचे नियम समितीने ठरवायचे की सभागृहाने?

प्रश्न : कोविडच्या साथीत शाळा, कचेऱ्या आणि न्यायालयेसुद्धा ऑनलाइन चालली, मग संसदेच्या समित्यांच्या बैठका तशा का झाल्या नाहीत? समितीच्या अध्यक्षांनी आणि सदस्यांनी आपसात ठरवून दूरदृश्य प्रणालीवर बैठक घेतली असती, तर काय बिघडले असते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अशी बैठक घेता आली असती, पण ती नियमाप्रमाणे समितीची बैठक ठरली नसती, आणि तिच्यात नोंदवलेल्या साक्षीला व घेतलेल्या निर्णयाला आधार उरला नसता. संसदीय समितीला स्वयंभू अधिकार नसतात. तिची नेमणूक, तिची मुदत, कागदपत्रे मागवण्याचा व साक्षीदारांना बोलावण्याचा तिचा अधिकार हे सारे सभागृहाकडून आलेले असते. संविधानाच्या अनुच्छेद ११८ने प्रत्येक सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे आणि समित्यांची कार्यपद्धती त्या नियमांतच बांधून दिलेली आहे.

लोकसभेचे नियम पाहिले तर अडचण नेमकी कुठे होती ते कळते. नियम २६६ सांगतो की समितीच्या बैठका खासगीत होतील. नियम २६७ सांगतो की त्या संसद भवनाच्या आवारातच होतील, आणि जागा बदलण्याची गरज पडली तर ते प्रकरण लोकसभा अध्यक्षांकडे जाईल व त्यांचा निर्णय अंतिम राहील. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांपैकी सुमारे एकतृतीयांश सदस्य लागतात. विभागांशी संबंधित स्थायी समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात, म्हणजे दहा-अकरा जण हजर असल्याशिवाय बैठक सुरू होत नाही. आता यातले आठ जण आपापल्या मतदारसंघातल्या घरी पडद्यासमोर बसले असतील, तर त्यांना हजर धरायचे की गैरहजर? बैठक ‘आवारात’ झाली असे म्हणायचे की नाही? नियम लिहिले गेले तेव्हा हे प्रश्न कोणाच्या मनातही नव्हते.

समितीला आपल्या कार्यपद्धतीबद्दल काहीच ठरवता येत नाही, असे मात्र नाही. कार्यपद्धतीविषयी ठराव करून तो लोकसभा अध्यक्षांच्या विचारासाठी पाठवता येतो, आणि त्यांच्या मान्यतेने पूरक असे तपशीलवार नियमही करता येतात. एखाद्या मुद्द्यावर शंका आली तर समितीचे अध्यक्ष तो मुद्दा लोकसभा अध्यक्षांपुढे ठेवू शकतात. समिती मागू शकते, सुचवू शकते. मंजुरीची सही मात्र पीठासीन अधिकाऱ्यांची, म्हणजे लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती यांची असते.

२०२०मध्ये मागणी झालीच होती. अर्थसंकल्पी अधिवेशन २३ मार्चला आटोपते घेण्यात आले आणि दोनच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागू झाली. माहिती तंत्रज्ञानविषयक समितीचे अध्यक्ष शशी थरूर आणि गृहविषयक समितीचे अध्यक्ष आनंद शर्मा यांनी दूरदृश्य प्रणालीने बैठका घेण्याची परवानगी मागितली. राज्यसभेचे सभापती वेंकय्या नायडू आणि लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्यावर विचारविनिमय केला. मात्र गोपनीयतेचा नियम आड येतो आणि हा विषय दोन्ही सभागृहांच्या नियम समित्यांपुढे जायला हवा, अशी भूमिका घेतली गेली. परवानगी मिळाली नाही. जुलैमध्ये प्रत्यक्ष बैठका सुरू होईपर्यंत समित्यांचे काम जवळपास थांबलेलेच राहिले. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत राज्यसभेतील विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खर्गे यांनी पुन्हा हीच मागणी केली, आणि तेव्हाही पदरी काही पडले नाही.

गोपनीयतेची काळजी निराधार होती, असे मी म्हणणार नाही. समिती विचारविनिमय करीत असताना सदस्य आणि सचिवालयाचे अधिकारी यांच्याखेरीज सर्वांनी खोलीबाहेर जावे, असा नियम आहे. समिती-कक्षात दार लावून घेतले की तो पाळला जातो. सदस्याच्या घरी मात्र पडद्यामागे कोण बसले आहे हे समितीच्या अध्यक्षांना दिसत नाही, आणि चर्चेचे ध्वनिमुद्रण कोणी करीत असेल तर ते कळायलाही मार्ग नाही. एप्रिल २०२०मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानेच झूम हे सुरक्षित माध्यम नसल्याचे जाहीर केले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. संरक्षण किंवा गृहखात्याच्या समितीत अधिकारी जे मोकळेपणाने सांगतात, ते बाहेर फुटणार नाही या भरवशावरच सांगतात.

तरीही माझे स्पष्ट मत आहे की तेव्हाचा निर्णय चुकला. साक्ष घेणे आणि अहवालावर विचार करून मत देणे ही समितीची दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांना लागणारी गोपनीयताही सारखी नाही. स्थलांतरित मजूर रस्त्यावर होते, रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या, त्या काळात आरोग्य, श्रम आणि गृह खात्यांच्या सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारणारी यंत्रणा बंद राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजीच अनुच्छेद १४२खालचा आपला अधिकार वापरून न्यायालयांसाठी दूरदृश्य सुनावणीचे निर्देश दिले होते. न्यायालयाची सुनावणी मुळात खुली असते, त्यामुळे ही तुलना पूर्ण जुळत नाही. पण निदान साक्षीपुरती वाट काढण्याचा अधिकार आपल्या पीठासीन अधिकाऱ्यांकडेही होता, कारण नियमांत ज्याची तरतूद नाही अशा बाबींचे नियमन लोकसभा अध्यक्षांच्या निर्देशांनी व्हावे असे नियम ३८९ म्हणतो.

प्रश्न : मी कॅनडात राहते. इथल्या हाउस ऑफ कॉमन्सच्या समित्यांच्या बैठका संगणकावर पाहता येतात. इथल्या समित्यांनी हे नियम स्वतः केले का? ब्रिटनमध्ये काय झाले?
– एक वाचक, टोरांटो

उत्तर : कॅनडातही सुरुवात सभागृहानेच केली. फरक इतकाच, की तिथे सभागृहाने वेळ दवडला नाही. २४ मार्च २०२०च्या आदेशाने आरोग्य आणि वित्त समित्यांना दूरदृश्य प्रणालीने किंवा दूरध्वनीवरून बैठका घेण्याची मुभा मिळाली आणि ११ एप्रिलच्या आदेशाने ती आणखी काही समित्यांना लागू झाली. त्या आदेशांतल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. बैठक फक्त साथीसंबंधीच्या साक्षी घेण्यासाठी असेल. पडद्यावरून सहभागी झालेला सदस्य गणपूर्तीसाठी मोजला जाईल. कामकाज सभागृहाच्या संकेतस्थळावरून लोकांना उपलब्ध होईल. आणि एका सदस्याच्या जागी दुसऱ्याने बसायचे असल्यास त्याची सूचना समितीच्या सचिवाला ईमेलने देता येईल. वरच्या उत्तरात ज्या प्रश्नांपाशी आपले नियम अडले, त्यांतल्या मुख्य प्रश्नांचा निकाल तिथे चार ओळींत लागला. साक्षीला मोकळीक आणि इतर निर्णयांना तूर्त आवर ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. कार्यपद्धतीविषयक समितीकडे मात्र पुढचा मोठा प्रश्न, म्हणजे सारे सभागृहच दूरस्थ कसे भरवायचे, अभ्यासासाठी सोपवला गेला आणि त्यावर १५ मेपर्यंत अहवाल मागवला गेला.

सभागृहाने एवढी चौकट आखून दिल्यावर आतले बरेचसे समिती स्वतः ठरवते. समितीची स्थापना झाली की पहिल्या बैठकीत काही नेहमीचे ठराव मंजूर केले जातात : साक्षीदाराला प्रास्ताविकासाठी किती मिनिटे द्यायची, प्रश्नांच्या फेऱ्यांत कोणत्या पक्षाला कोणत्या क्रमाने वेळ मिळेल, गणपूर्ती नसताना निव्वळ साक्ष ऐकायची झाल्यास किमान किती सदस्य हवेत आणि त्यांत विरोधी पक्षाचे किती हवेत, बंद दाराआडच्या बैठकीला सदस्याचा एखादा सहायक हजर राहू शकतो का. बैठक दूरस्थ असली तरी हे ठराव तसेच लागू राहतात. मतदानाच्या बाबतीत मात्र सवय बदलावी लागली. खोलीत हात वर केले की मोजता येतात, पडद्यावरच्या छोट्या चौकटींत ती खात्री राहत नाही. म्हणून सप्टेंबर २०२०मध्ये संमिश्र कामकाजाचा, म्हणजे काही सदस्य प्रत्यक्ष आणि काही पडद्यावरून अशा कामकाजाचा, आदेश निघाला तेव्हा, एकमताने किंवा केवळ मतभेद नोंदवून निकालात न निघणाऱ्या प्रस्तावांवर समितीचा सचिव एकेकाचे नाव पुकारतो व सदस्य आपले मत बोलून नोंदवतो, अशी रीत घालून देण्यात आली.

आपण बैठका पाहता, म्हणून सुरुवातीची सूचना आपल्या ओळखीची असेल. समितीचे अध्यक्ष दर वेळी सांगतात की पडद्याच्या तळाशी मूळ भाषण, इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एक पर्याय निवडावा, बोलायचे नसेल तेव्हा माइक बंद ठेवावा आणि पडद्याचे छायाचित्र घेऊ नये. वरवर ही तांत्रिक माहिती वाटते, पण सदस्यांचे हक्क त्यात गुंतलेले आहेत. कॅनडात सदस्याला दोहोंपैकी कोणत्याही अधिकृत भाषेत काम करण्याचा हक्क आहे. दुभाष्याला आवाज नीट ऐकू आला नाही तर तो हक्क कागदावरच राहतो, आणि खराब आवाज तासन्‌तास ऐकून दुभाष्यांच्या कानांना त्रास झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. म्हणूनच ठरावीक दर्जाचा, तारेने जोडलेला हेडसेट असल्याशिवाय बोलू द्यायचे नाही, असा कटाक्ष तिथे ठेवला जाऊ लागला. जून २०२३मध्ये कॅनडाच्या सभागृहाने संमिश्र कामकाज आपल्या स्थायी नियमांत कायमचे समाविष्ट केले.

ब्रिटनचा मार्ग वेगळा नव्हता. तिथल्या हाउस ऑफ कॉमन्सनेही २४ मार्च २०२० रोजीच तात्पुरता आदेश मंजूर करून निवड समित्यांच्या (तिथल्या ‘सिलेक्ट कमिटी’, म्हणजे कामकाजाची छाननी करणाऱ्या समित्यांच्या) सदस्यांना व साक्षीदारांना इलेक्ट्रॉनिक साधनांनी सहभागी होण्याची परवानगी दिली, आणि तिला सुरुवातीला ३० जूनची मुदत घातली. त्या आदेशाने अहवाल पत्रव्यवहारानेही मंजूर करता येऊ लागला. मात्र तो मजकूर समितीच्या बहुमताचा निर्णय आहे याची समितीच्या अध्यक्षांना खात्री पटलेली असली पाहिजे, ही अट होती. आणीबाणीच्या सवलतीला मुदत घालण्याची ही पद्धत मला मोलाची वाटते, कारण मुदत संपली की सभागृहाला त्या सवलतीकडे पुन्हा डोळसपणे पाहावेच लागते.

प्रश्न : आपल्याकडे असे नियम करायचे झाले, तर घटनादुरुस्ती लागेल का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : लागणार नाही. बैठक आवारातच भरावी ही अट संविधानात नाही, ती सभागृहाच्या नियमांत आहे, आणि ते नियम बदलण्याची वाट ठरलेली आहे. लोकसभेच्या नियम समितीत १५ सदस्य असतात व लोकसभा अध्यक्ष तिचे पदसिद्ध प्रमुख असतात. या समितीच्या शिफारशी सभागृहाच्या पटलावर ठेवल्या जातात, सदस्यांना सात दिवसांत दुरुस्त्या सुचवता येतात, आणि कोणीही दुरुस्ती सुचवली नाही तर त्या शिफारशी सभागृहाने मान्य केल्या असे धरले जाते.

केवळ लोकसभेने नियम बदलून मात्र भागणार नाही. विभागांशी संबंधित २४ स्थायी समित्यांपैकी १६ लोकसभेच्या आणि ८ राज्यसभेच्या अखत्यारीत चालतात, आणि प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे सदस्य बसतात. त्यामुळे राज्यसभेच्या नियमांतही तशीच दुरुस्ती व्हायला हवी. दुरुस्ती लिहिताना निदान तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : पडद्यावरून सहभागी झालेला सदस्य गणपूर्तीत आणि मतदानात मोजला जाईल का, अहवालावरचा विचारविनिमय दूरस्थ बैठकीत चालेल की तो समिती-कक्षातच करावा लागेल, आणि बैठक चालू असताना संपर्क तुटलेल्या सदस्याचे मत कसे नोंदवायचे. अभ्यासदौऱ्यावर गेलेल्या समितीला तिथे अनौपचारिक बैठक घेता येते, पण निर्णय घेता येत नाही, असा दंडक लोकसभा अध्यक्षांच्या निर्देशांत आधीपासून आहे. दूरस्थ बैठकीचा पहिला मसुदा त्याच धर्तीवर, म्हणजे ऐकण्याची मुभा देऊन निर्णय मात्र समिती-कक्षासाठी राखून ठेवणारा असा करता येईल.